रबर प्लांटची खालची पाने पिवळी पडून गळताहेत, मदत हवी आहे

झाड साडेपाच फुटी, कुंडी १२ इंची, माती ४ वर्षांत बदललेली नाही. खालची पाने एकेक करून पिवळी पडतात, नवी तळहाताएवढीसुद्धा होत नाहीत. पाणी घातलं की लगेच ताटलीत उतरतं. कीड दिसत नाही. एकदम २० इंची कुंडीत हलवू का?

प्रतिसाद १
२० इंची नको! एवढ्या मातीतलं पाणी मुळांना ओढवत नाही, माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. १४ इंची पुरे.

पाणी लगेच उतरतंय म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा आक्रसून कडेला फट पडली असणार. लाकडी काडी ४ इंच खोचून पाहा. कोरडी निघाली तर कुंडी पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास. काडी ओली आणि तरी पानं मलूल असतील तर मुळं कुजलीत, मग पाणी बंद.

खालचीच पानं का जातात? नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतं.

प्रश्नकर्ता
काडी कोरडी. तळाशी मुळांचं वेटोळं झालंय, पण मुळं टणक आहेत, वास नाही.

प्रतिसाद १
मग झाड वाचलंच समजा. भिजवल्यावर दुसऱ्या दिवशी काढा. वेटोळं बोटांनी सोडवा, न सुटणारं कापा. गोळ्याला बाजूंनी ३-४ उभे छेद द्या, अर्धा इंच खोल. माती २ भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू आणि गांडूळखत प्रत्येकी १ भाग. खोड पूर्वीइतकंच मातीत राहू द्या. कडेची माती काडीने ठासत भरा, नाहीतर पुन्हा तीच फट. दीड महिना वेगळं खत नको.

प्रतिसाद २
तळाला खडे घालू नका, त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओली माती मुळांच्या जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो. कापताना हातमोजे घाला, चिकाने कातडी चुरचुरते.

उघड्या पडलेल्या खोडावर पानं सहसा आपोआप परत येत नाहीत. शेंड्याला गुटी (साल काढून, ओलं शेवाळ गुंडाळून झाडावरच मुळं फोडणं) बांधता येईल, पण आत्ता नाही. शेंड्याची लालसर सुरळी उलगडून नवं पान आधीपेक्षा मोठं निघालं की मुळं सावरली, गुटी त्यानंतर.