लाल शाई, मुलांचा हुरूप आणि 'घरांत'वरचा अनुस्वार

मांडवीकाठ: परवा इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं, "निबंधाला लाल शाई लावूच नका, मुलांचा हुरूप जातो." राहवलं नाही म्हणून लिहितो. हुरूप शाईने जात नाही, सरसकट तपासणीने जातो. दीडशे शब्दांत चुकांभोवती चाळीस लाल गोल दिसले की मूल गोल मोजतं आणि वही मिटतं. एका खेपेला एकच प्रकार घ्या. या वेळी फक्त सामान्यरूप: फूल–फुलाला, मीठ–मिठात. चुकलेल्या ओळीसमोर वहीच्या समासात टिंब द्यायचं, चूक मुलाने शोधायची, आणि तो परिच्छेद त्याच तासाला पुन्हा लिहून घ्यायचा. वही दप्तरात गेली की टिंब वाया. शेरा आशयावर असावा: 'जत्रेत गर्दी होती म्हणतोस, पण धक्का कुठे लागला?' नुसतं 'छान' लिहिण्यापेक्षा कोरं सोडा.

फोंड्याची_वाचक: आणि बाकीच्या चुका? खूण नाही म्हणजे बरोबर, असंच मूल धरून चालतं. मग 'आणी' हाडीमाशी खिळतं.

मांडवीकाठ: वरच लिहायचं, 'आज फक्त सामान्यरूप पाहिलं.' झालं.

डिचोलीकर: 'आणी'ला हसू नका. कोकणीत 'आनी' दीर्घच. 'घरांत'चंही तेच. कोकणीच्या तासाला तो अनुस्वार हवा, मराठीच्या तासाला त्याच मुलाला त्यावरच गोल! १९६२च्या मराठी शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, पण इथल्या, गोव्यातल्या मुलाच्या कानात तो वाजतो त्याचं काय?

फोंड्याची_वाचक: वाजो बापडा. मराठीत 'घरात' म्हणजे एक घर, 'घरांत' म्हणजे अनेक. अर्थच बदलतो, गोल पडणारच.

डिचोलीकर: पाडा की! फक्त 'अशुद्ध' लिहू नका. 'कोकणीत बरोबर, मराठीत एकवचनाला अनुस्वार नाही' एवढं लिहायला किती शाई जाते? 'अशुद्ध' वाचून मूल घरच्या भाषेलाच लाजायला लागतं.

मांडवीकाठ: अहो, विषय तपासणीचा. तुम्ही आता कोकणी-मराठी वादात, गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्यापर्यंत न्याल.

डिचोलीकर: नेईन! मुळं तिथेच आहेत.

शापोरा३: कशाला भांडता? भाषाशिक्षणाचे अभ्यासक ट्रस्कॉट यांनी १९९६मध्येच मांडलंय, दुसऱ्या भाषेच्या लेखनात व्याकरण-दुरुस्ती सोडून द्या.

फोंड्याची_वाचक: अर्धंच वाचलंत. १९९९मध्ये त्याच विषयाच्या अभ्यासक फेरिसबाईंनी त्यांना उत्तर दिलं, की हा निष्कर्ष घाईचा आहे. निवडक आणि स्पष्ट दुरुस्ती काहींना तरी उपयोगी पडते. म्हणजे मांडवीकाठांचंच म्हणणं, नाइलाजाने कबूल करते. पण चाळीस वह्या, प्रत्येकी तीन मिनिटं, दोन तास झाले. ते कोण देणार?

मांडवीकाठ: सगळे गोल काढायला याहून जास्त लागतात.

डिचोलीकर: बरं, टिंब मान्य. पण समासातच द्या हं. अक्षरावर पडलं तर पुन्हा अनुस्वार होईल.