जुनी रेकॉर्डिंग एमपी-थ्रीमध्ये जपली तर बिघडलं कुठे?

दादरकर
आजोबांच्या बैठकींच्या ९ कॅसेटी एमपी-थ्री करून घेतोय. मित्र म्हणतो, ‘गाणं मारतोयस.’ मला अजिबात पटत नाही. दादरच्या पुलावर गप्पा मारताना खालून फास्ट लोकल गेली, की समोरच्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. एमपी-थ्री कानाच्या याच स्वभावावर उभं आहे. मोठ्या सुराला लागून असलेला बारीक सूर कळतच नाही, मग त्याच्यावर बिट कशाला खर्चायचे? सीडीला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, हे १२८ मध्ये भागवतं. ऐकूच न येणारं गेलं तर गेलं!

परळची तबलावाली
दादा, नुसतं ‘गेलं’ नाही, नवीन काही येतंही. उरलेल्या सुरांचे आकडे ढोबळ केले जातात, त्यातून खरखर निघते आणि ती मोठ्या सुरांआड लपवली जाते. भरल्या गाण्यात खपून जातं. पण शांततेत चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा ‘ना’ वाजू द्या. आवाजाचा तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा, खरखर त्या अख्ख्या तुकड्यात पसरते, म्हणजे बोट पडायच्या आधीसुद्धा. ठोक्यानंतरचं बारीक कान झाकतो तसं ठोक्याआधीचं झाकत नाही, जेमतेम काही मिलिसेकंद. मग ‘ना’च्या आधी फुस्स येतं आणि बोलाची धारच जाते.

दादरकर
त्यावर उपाय आहे की! ठोका दिसला की एन्कोडर, म्हणजे एमपी-थ्री बनवणारा प्रोग्रॅम, एका लांब तुकड्याऐवजी तीन छोटे घेतो. २५६ किलोबिटला केलेला ‘ना’ ओळखून दाखवा.

परळची तबलावाली
२५६ ला मलाही बहुधा ओळखता येणार नाही, मान्य. पण तुम्ही ऐकायला नाही, जपायला करताय. आमच्याकडची एक टेप दुकानातून ६४ ला करून आणली आणि मूळ टेप टाकून दिली. पुढे टेपची सूंऽऽ कमी करायला बसले, तर तिच्याआड लपलेली खरखर उघडी पडली. बाबांच्या आवाजाभोवती पाण्यासारखं बुडबुडतं. ते आता निघत नाही.

गिरगावकर काका
९ कॅसेटी तासातासाच्या धरल्या, तरी काहीही न दाबता सीडीच्या दर्जात ६ जीबीच्या आत बसतात. फ्लॅकमध्ये आणखी कमी, आणि त्यात एकही बिट हरवत नाही. एवढ्यासाठी कंजुषी?

दादरकर
दोन कॅसेटी होऊन गेल्यात, त्या पुन्हा करायला सांगतो. ताई, मूळ कॅसेटी टाकणार नाही. पण नातेवाइकांना एमपी-थ्रीच पाठवणार, त्यावर मी ठाम आहे.