प्रभुभोजनाआधी स्वतःला कसं तपासता? मदत हवी आहे

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षं झाली. उपासना चुकत नाही, दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, वेळेवर जातो, गायनमंडळातही आहे. बघणारा मला विश्वासूच म्हणेल. पण मागच्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, बायबलमधलं १ करिंथ ११:२८ वाचलं गेलं, आधी आपली परीक्षा करा, मग भाकर खा, आणि मी तिथेच अडकलो. परीक्षा कशाची? हजेरीची? ती तर पुरी आहे!

खरं सांगायचं तर मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका भावाशी मी दोन वर्षं बोललेलो नाही. समोर आला तरी सलाम घेत नाही. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला जायला हवं. मी मात्र अर्पणाचं पाकीट टाकून मोकळा होतो. एकांतातली प्रार्थनाही हल्ली पाठ म्हटल्यासारखी होते.

तुम्ही स्वतःला कधी, कसं तपासता? पाळकांजवळ मन मोकळं करता का? समेट होईपर्यंत भाकर घेऊ नये, असं काही जण म्हणतात, पण करिंथच्या त्या वचनात परीक्षा करून मग खावं असंही आहे ना? आणि तपासता तपासता कृपा विसरून नुसता हिशेबच मांडत बसलो तर, ही भीती वेगळीच. अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.