बाळंतीण मांजर घरात : सांभाळल्याचे अनुभव

पोरकी पिल्लं बाटलीने वाढवण्याबद्दल बरंच लिहिलं जातं. आईसकट पिल्लं घरात घेतली की मामला वेगळा असतो. दूध, ऊब, साफसफाई, शिस्त हे सगळं आई बघते. मग आपल्यासाठी काय उरतं? आपण कुठे हात घालायचा आणि कुठे गप्प बसायचं? यावर अनुभव हवे आहेत. कायमची पाळलेली मांजर डोळ्यांपुढे नाही. पिल्लं मोठी होऊन त्यांना घरं मिळेपर्यंत सांभाळलेली मांजर आहे. सुरुवात मीच करते, पुढे प्रत्येक तारकांच्या खुणेनंतर दुसऱ्या कुणी लिहिलेलं आहे.

आमच्याकडे आली तेव्हा ती गाभण होती आणि ते लपण्यासारखं राहिलं नव्हतं. मांजरीचे दिवस साधारण 63 ते 65 भरतात, पण बाहेर फिरणाऱ्या मांजरीचा हिशोब कोण ठेवणार? डॉक्टरांनी पोट चाचपून "आता कधीही" एवढंच सांगितलं. मी उत्साहाने मोठा खोका आणला, आत जुन्या चादरी घातल्या, आत-बाहेर करायला एका बाजूने कापून दिला. बाईसाहेब व्यायल्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, माझ्या स्वेटरांवर.

पिल्लू आलं की तिने पडदा फाडायचा, नाळ तोडायची, वार खाऊन टाकायची आणि पिल्लाला खसाखसा चाटायचं. तिसऱ्या पिल्लाआधी ती बराच वेळ नुसती पडून राहिली, तेव्हा माझीच घालमेल चालली होती. डॉक्टरांनी एक खूण आधीच सांगून ठेवली होती. निवांत असेल तर थांबा. जोरात कळा देतेय आणि अर्ध्या तासात पिल्लू येत नाही, असं झालं तर तडक घेऊन या. ही खूण ठाऊक होती म्हणून मी जागची हलले नाही. चौघं सुखरूप आली. स्वेटर गेले.

* * *

आमच्या घरात वजनकाटा हा देव होता. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर एक वाडगा, वाडग्यात मऊ फडकं. रोज एकाच वेळी, आई खायला उठली की पटापट वजनं घ्यायची आणि वहीत लिहायची. जन्मतः पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं, रोज 10 ते 15 ग्रॅम वाढतं, दोन आठवड्यांत दुपटीच्या पुढे गेलं पाहिजे. डोळ्यांना सगळी पिल्लं सारखीच गुटगुटीत दिसतात. काट्याला तसं वाटत नाही.

पाचांपैकी एक, सगळ्यात लहान राखाडी, दोन दिवस जागच्या जागी होतं. लक्ष ठेवलं तेव्हा उलगडा झाला. पिल्लं दोन-तीन दिवसांतच आपापला सड ठरवून घेतात आणि मागचे, भरपूर दुधाचे सड दांडगटांनी बळकावले होते. राखाडी कुठेतरी पुढे चोखत बसायचं. मग दिवसातून काही वेळा मोठ्या दोघांना उबदार टोपलीत बाजूला ठेवून त्याला एकट्याला मागच्या सडाला लावायचो. आईने कधीच हरकत घेतली नाही. वजन हलायला लागलं आणि दुधाची बाटली काढावीच लागली नाही. आई असताना बाटलीकडे धावण्याआधी हे करून बघा.

* * *

"मांजर पिल्लांना सात घरं फिरवते" हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सुनावलं. आमच्या मनीने सातचा आकडा गाठला नाही, पण पलंगाखाली, मग बाथरूमच्या कोपऱ्यात, मग सुटकेसमागे अशी वरात काढलीच. मानेला धरून एकेक. पिल्लू तोंडात आलं की पाय पोटाशी घेऊन लुळं पडतं, हूं की चूं करत नाही. मांजरीचे दात पिल्लांना लागत नाहीत म्हणतात, ते समोर बघितलं.

ती हलवत का होती ते मात्र सासूबाईंनीच ओळखलं. पाहुणे. जो येईल तो "बघू, बघू" करत खोलीत डोकवायचा, वर दिवा लावायचा. आम्ही दाराला कडी घातली, खिडकीला जाड पडदा लावला, खोक्यावर चादर टाकली आणि खोलीत जायचं ते फक्त मी आणि सासूबाईंनी असं ठरलं. वरात थांबली.

"माणसाचा वास लागला की मांजर पिल्लं टाकते" असंही बऱ्याच जणांनी ऐकवलं. आम्ही रोज हाताळत होतो, काही टाकली नाहीत. तिला वासाचं काही वाटलं नाही. गर्दीचं वाटलं.

* * *

मी पशुवैद्यक आहे. सांभाळणाऱ्यांचे फोन सारखे येतात, म्हणून लिहितो. बहुतेकांचं सगळं लक्ष पिल्लांवर असतं. मी सांगतो, आईकडे बघा.

दूध पाजणारी मांजर एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाते. तिला मोठ्या मांजरांचं साधं खाणं पुरत नाही. पिल्लांसाठीचं जास्त उष्मांकांचं खाणं तिलाच द्या, मोजून नको, समोर ठेवा. पाणीही भरपूर. रोज एकदा सडांवरून हलका हात फिरवा. एखादा सड कडक, गरम, लालसर लागला, तिला दुखलं, तर तो दाह आहे. थांबू नका.

दुसरी गोष्ट जास्त घाईची. विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, पिल्लं जास्त असतील तर, दुधावाटे जाणाऱ्या कॅल्शियमची भरपाई मांजरीच्या शरीराला जमत नाही. ती अस्वस्थ होते, धापा टाकते, ताठ पायांनी चालते, अंग थरथरतं, पुढे झटके येतात. ही रात्र काढून सकाळी बघू अशी गोष्ट नाही. शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं. आणि "मग आधीपासूनच गोळ्या देतो" असंही करू नका. गाभणपणात उगाच दिलेलं कॅल्शियम हा त्रास उलट ओढवून आणू शकतं.

पिल्लांबद्दल एकच. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही. अंग गार असताना पचन चालत नाही आणि दूध श्वासनलिकेत जायचाही धोका असतो. आधी ऊब, हळूहळू. मग पोट. तेही पिल्लांसाठीचं तयार दूध, गाईचं नव्हे, आणि पिल्लू पालथं धरून. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध "थोडंसंच" लावणारेही भेटतात. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजरांना विषारी आहे. तान्ह्या पिल्लांवर बारीक दातांची फणी फिरवा आणि आईसाठीचं औषध विचारून घ्या. पिसवा मात्र सोडून देऊ नका. एवढ्याशा जिवाचं रक्त त्या इतकं पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात.

* * *

डॉक्टरांनी लिहिलंय त्यात माझी भर म्हणजे ऊब. पहिले तीन आठवडे पिल्लांना स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. आई उठून गेली की ती एकमेकांवर ढीग करून झोपतात. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे नको झालं की सरकता येतं. सगळा खोका तापवला तर पळायला जागा नाही, आणि मग आईच आत बसत नाही.

* * *

आमच्याकडे आलेली मांजर माणसांना अजिबात सरावलेली नव्हती. दार उघडलं की कान मागे, फिस्कारणं, वेळ पडली तर पंजा. वर रोज वजनं घेण्याचं वाचलं आणि हसू आलं. आम्हाला पिल्लं नीट मोजायलाही वेळ लागला!

तिच्यासाठी झाकणाचा खोका केला, तोंड भिंतीकडे, म्हणजे आपण समोर दिसत नाही. खाणं दोन वेळा, ठरलेल्या वेळी, जाताना तेच एक गाणं गुणगुणत. दचकू नये म्हणून. ती खायला बाहेर आली की मधे एक पुठ्ठा आडवा धरायचा आणि तेवढ्यात पिल्लांवर नजर टाकायची. पोटं गोल आहेत, चिवचिव नाही, अंग कोरडं आहे, एवढं दिसलं की बाहेर. सतत रडणारं पिल्लू उपाशी किंवा गारठलेलं असतं. शांत ढीग ही चांगली बातमी.

दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडले, सगळ्यांचे निळे. तो रंग पुढे बदलतो. माणसांची सवय दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जेवढी लागते तेवढी नंतर लागत नाही, म्हणून आम्ही त्या काळात जोर लावला. लांब काठीला बांधलेलं पीस, मग बोटाला लावलेलं खाणं, मग मांडी. पिल्लं मांडीवर येऊन घुरघुरायला लागली आणि आई चार हातांवरून बघत बसली. ती स्वतः शेवटपर्यंत हाताला आली नाही. फिस्कारणं तेवढं थांबलं. मला वाटतं, तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणं हा आपला हट्ट.

* * *

घरात आधीची मांजरं असणाऱ्यांनी कृपया हे वाचा. पाहुणीला वेगळी खोली हवीच, आणि "दाराच्या फटीतून ओळख होऊ दे" वगैरे सुरुवातीला नको. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू कपड्यांवरून, चपलांवरून जातो आणि घरात वर्षभरसुद्धा टिकून राहू शकतो. साध्या साबणाने मरत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. माझ्या मांजरांचं लसीकरण पूर्ण होतं, तरी त्या खोलीचे कपडे-चपला मी वेगळे ठेवले होते. आमचा बोका दारापाशी ठाण मांडून बसायचा. बिचारा नसबंदी झालेला, निरुपद्रवी, पण आतली ते कशी मानणार? दाराखालची फट टॉवेलने बुजवली तेव्हा कुठे तिचं गुरगुरणं थांबलं.

* * *

मला मांजरं फारशी आवडत नाहीत. मुलीने आणली. मी फक्त लिटर, म्हणजे शी-शूचा ट्रे, साफ करायचो.

तर लिटरबद्दल लिहितो. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपलं आपण शी-शू करता येत नाही, आई चाटून करवते आणि साफही तीच करते. तोवर खोका कोरडा, वास नाही, मी खूश. चौथ्या आठवड्यात आई हात वर करते. तेव्हा उथळ ट्रे ठेवायचा, आणि त्यात ओलं झालं की गोळा होणारी माती घालायची नाही. पिल्लं सगळं तोंडात घालून बघतात आणि ती माती पोटात गोळा होऊ शकते. आम्ही कागदाच्या गोळ्या वापरल्या. शिकवावं काही लागलं नाही. आई गेली, मागोमाग ती गेली. एक जण फक्त ट्रेच्या बाहेर, बरोब्बर कडेला. तो शेवटपर्यंत तसाच.

हो, तो अजून आमच्याकडेच आहे.

* * *

नर-मादी ओळखण्याचा आमचा घरगुती नियम सांगते. शेपूट अलगद वर करायची. विसर्गासारखे दोन ठिपके, मध्ये अंतर, तर बोका. अर्धविरामासारखं, जवळजवळ, तर भाटी. पहिल्या आठवड्यात सगळेच चुकतात, महिन्याने बघा. तीनरंगी असेल तर बघायचंही कारण नाही, जवळपास नेहमी मादीच. आणि एकाच वेतात एक काळं, एक पिवळं, एक पट्ट्यांचं निघालं म्हणून चकित होऊ नका. एका वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

* * *

सगळं छान छान चाललंय म्हणून लिहावं की नाही असं वाटत होतं. आमचं एक पिल्लू गेलं. आधी दूध कमी, मग आईपासून दूर पडून राहायचं, उचलून तिच्याजवळ ठेवलं तरी ती बाजूला सारायची. डॉक्टरकडे नेलं, ऊब दिली, औषध दिलं. तरी गेलं. आई अशी का वागते म्हणून मुलगा तिच्यावर चिडला होता. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लं जाण्याचं प्रमाण बरंच असतं आणि बऱ्याचदा नेमकं कारण सापडत नाही, हे डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं. बाकीची तिघं व्यवस्थित वाढली.

* * *

एक प्रश्न. पिल्लं सहा आठवड्यांची झाली, आईचं खाणं खाऊ लागली आहेत, एक कुटुंब आत्ताच मागतंय. द्यावं का? आणि आईची नसबंदी कधी करायची?

* * *

थांबवा त्यांना. निदान आठ आठवडे, जमलं तर थोडे जास्त. खाता येणं वेगळं. चावा किती जोराचा, पंजा कधी आत घ्यायचा, हे आई आणि भावंडं याच काळात शिकवतात. एकटं वाढलेलं पिल्लू पुढे हात फोडतं. लसही सहा ते आठ आठवड्यांत सुरू होते, पुढचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, ते नव्या घरी लिहून द्या. जंताचं औषध तर याआधीच आईसकट सुरू झालेलं हवं. आणि शक्यतो दोघं-दोघं द्या.

आईबद्दल : दूध पाजत असतानाही ती माजावर येऊन पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे तिला बाहेर सोडू नका. पिल्लांचं अंगावरचं पिणं पूर्ण सुटल्यावर दूध आटायला साधारण दोन आठवडे लागतात, मग शस्त्रक्रिया. तेवढ्यात तिचं खाणं हळूहळू पूर्वीवर आणा, आणि कितीही वाटलं तरी सड पिळून दूध काढू नका, तेवढं जास्तच येतं. तिच्यासाठी घर शोधायला आत्तापासून लागा. पिल्लांना मागणी असते. तिला कुणी विचारत नाही, म्हणून फोटो काढताना पहिला तिचा काढा.