मुंबईतल्या डी. एन. (दादाभाई नौरोजी) रोडच्या जुन्या दुकानांचे पाट्यांसकट फोटो आहेत का कुणाकडे?

मंडळी, जरा मदत हवीय. फोर्टात खादी भांडाराची ती दगडी बिल्डिंग आहे ना, तिथे इंग्रजांच्या काळात व्हाइटअवे लेडलॉचं डिपार्टमेंट स्टोअर होतं, तर तेव्हा त्यांची पाटी नेमकी कुठे असायची, कमानीत की वर गच्चीच्या कठड्यावर? मधे तर त्या रोडवर कमानी झाकतील एवढे बोर्ड लटकले होते (काय अवकळा आली होती), मग १९९० नंतर आर्किटेक्ट आभा नारायण लांबा वगैरेंनी नियम करून पाट्या कमानींच्या मापात बसवल्या. मला त्याच्या आधीचे फोटो हवेत, अक्षरांचं वळण दिसेल इतपत क्लिअर. अकबरअलीज या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या पाटीचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. घरच्या अल्बममधले, मागे चुकून दुकान आलेले पण चालतील.