सामंजस्य करारावर सह्या झाल्या. नगरपालिकेसोबत प्रत्यक्ष काम कुठून सुरू करावं?

अर्धविराम:
आमच्या विद्यापीठाच्या भूगोल आणि स्थापत्य विभागांनी नगरपालिकेशी तीन वर्षांचा सामंजस्य करार केला आहे. विषय दोन: सखल भागात पावसाचं पाणी तुंबणं आणि दाट वस्त्यांमधली उष्णता. करारात 'दोन्ही पक्ष परस्परांना सहकार्य करतील' यापलीकडे काही नाही. त्यांना 'मॉडेल' आणि 'उष्णतेचा नकाशा' हवा आहे, आम्हाला शोधनिबंध आणि विद्यार्थ्यांसाठी प्रकल्प. पहिल्या सहा महिन्यांत काय पक्कं करून घ्यावं? डेटा कोणाचा, निष्कर्ष गैरसोयीचे निघाले तर काय, उपकरणं किती, सगळंच मोघम आहे.

फाइलबंद:
सामंजस्य करारामुळे सहसा कोणावर काही बंधन येत नाही. प्रत्येक कामाचं दोन-तीन पानी परिशिष्ट वेगळं करा आणि त्याची पहिली ओळ निर्णयाची असू द्या: या उत्तरावरून कोण, कधी, काय ठरवणार? 'पाणी तुंबण्याचा अभ्यास' असं लिहिलंत तर तीन वर्षं अभ्यासच चालेल. 'येत्या अर्थसंकल्पात कोणती गटारं रुंद करायची' असं लिहिलं की तारीख आपोआप ठरते. अर्थसंकल्पाचा मसुदा तयार होण्याच्या दोन महिने आधी तुमचे आकडे टेबलावर हवेत. तिथून उलटं मोजत या, म्हणजे सत्र परीक्षा आणि आर्थिक वर्ष कुठे आडवं येतं ते दिसेल.

बाकी कलमं: संपर्क अधिकारी नावाने नको, पदाने लिहा, आणि दोन पदं लिहा. बदली झाली की नावाची फाइल कपाटात जाते. आधीपासूनचा डेटा ज्याचा त्याचा, प्रकल्पात तयार झालेला दोघांचा. प्रकाशनाआधी नगरपालिकेला वाचायला ३० दिवस. तोवर उत्तर नाही आलं तर संमती गृहीत. या मुदतीत त्यांना चूक दाखवता येईल, वैयक्तिक माहिती काढायला सांगता येईल; निष्कर्ष बदला असं मात्र सांगता येणार नाही. हे वाक्य पहिला निकाल हाती येण्याआधीच लिहून घ्या. नंतर कोणी सही करत नाही.

उतारमापी:
पाण्याच्या बाजूने सांगतो. मॉडेल म्हणाल तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं एसडब्ल्यूएमएम घ्या, म्हणजे पावसाचं पाणी गटारांतून कसं वाहतं ते मांडणारं सॉफ्टवेअर. १९७१ पासून चालत आलेलं आणि फुकट आहे. अडचण सॉफ्टवेअरची नसतेच, ती गटारांच्या नकाशांची असते. कार्यालयातले नकाशे बहुतेकदा आराखड्याचे असतात, प्रत्यक्ष बांधकामाचे नसतात. पाइपाचा व्यास, मॅनहोलची तळपातळी आणि ती कोणत्या संदर्भपातळीवरून मोजली, हे तीन रकाने आधी तपासा. १:५०० उतारावर ५० मीटरमध्ये तळ अवघा १० सेंटीमीटर उतरतो. पातळीत तेवढी चूक असली की उतारच संपतो; त्याहून थोडी जास्त झाली की मॉडेलमध्ये पाइप उलटा चढतो. जिथे पाणी तुंबतं तिथली मॅनहोल्स तरी झाकण उघडून नव्याने मोजाच. ते काम नगरपालिकेची माणसं सोबत असतानाच करायचं, आणि कोणीही आत उतरायचं नाही. विषारी वायूने जीव जातो. वरून पट्टीने मापता येतं.

पर्जन्यमापक तीनपेक्षा कमी नकोत. दोन असले आणि आकडे वेगळे आले तर चुकतंय कोण ते कळत नाही. दैनिक पाऊस इथे निरुपयोगी, शहरी गटार वीस-तीस मिनिटांत भरतं; ५ मिनिटांची नोंद ठेवा. कलती वाटी असलेली यंत्रं मुसळधार सरीत कमी मोजतात आणि नरसाळ्यात पान अडकलं की पाऊस 'संथ' पडल्यासारखा दिसतो.

पातळी मोजायला वरून बसवायचा अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) चालतो, पण तापमान-दुरुस्ती आहे ना ते बघा. आवाजाचा वेग दर अंशाला सुमारे ०.१८ टक्के बदलतो. २ मीटर अंतरावर १० अंशांचा फरक म्हणजे साडेतीन सेंटीमीटरची चूक. फेस आणि तरंगतं प्लास्टिक आलं तरी तो खोटं बोलतो. सगळ्या यंत्रांची घड्याळं एकाच वेळेवर लावा. एक जागतिक वेळेवर आणि दुसरं स्थानिक वेळेवर असलं की पाणी आधी चढतं आणि पाऊस नंतर पडतो.

एक सेन्सर गटार जिथे नदीला मिळतं तिथे हवाच. नदीच फुगलेली असेल तर तोंड बुडतं आणि पाणी मागे दाबतं. अशा ठिकाणी गटार रुंद करून फारसं काही साधत नाही, आणि 'गैरसोयीचा निष्कर्ष' बहुधा हाच निघतो.

सावलीशोधक:
उष्णतेचा नकाशा म्हणजे नेमका कसला, ते परिशिष्टात लिहा. लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांवरून मिळतं ते पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नाही. औष्णिक पट्ट्याचं, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या भागाचं, मूळ रिझोल्यूशन १०० मीटर आहे; फाइल ३० मीटरच्या चौकटीत मिळते म्हणून गल्ली दिसते असं समजू नका. दोन्ही मिळून दर ८ दिवसांनी फेरी, तीही सकाळी दहाच्या आसपास, आणि ढग असले की तीही वाया. लोकांना छळते ती रात्र, आणि ती यात नाही. शिवाय उघडे चकचकीत पत्रे उष्णता कमी उत्सर्जित करतात, त्यामुळे नकाशात ते थंड दिसतात. ज्या वस्तीत पत्र्याखाली माणसं भाजतात तीच निळी रंगवून देण्याचा हा सोपा मार्ग.

म्हणून हवेचे सेन्सर लावा: सावलीची हवेशीर टोपी, जमिनीपासून दीड ते दोन मीटर, भिंत आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासून दूर. बसवण्याआधी आठवडाभर सगळे एकाच जागी शेजारी-शेजारी ठेवा आणि प्रत्येकाचा फरक नोंदवा; काढल्यावर पुन्हा तेच करा. हे केलं नाही तर दोन वस्त्यांमधला अर्ध्या अंशाचा फरक वस्तीचा की यंत्राचा, हे सांगता येणार नाही.

अर्धविराम:
आभार. विद्यार्थ्यांचं काय? नगरपालिकेची तक्रार आहे की जाडजूड अहवाल येतात आणि कोणी वाचत नाही.

फाइलबंद:
ऑरेगन विद्यापीठाने २००९ मध्ये सुरू केलेली पद्धत बघा: एका शैक्षणिक वर्षात एक शहर, प्रश्नांची यादी शहराची, आणि ते प्रश्न आधीपासून चालू असलेल्या अभ्यासक्रमांत बसवायचे. नवा विषय मंजूर करून घ्यायची कटकट वाचते. मात्र वीस गटांचे वीस अहवाल तसेच पाठवू नका. त्यांतून सहा-आठ पानं काढणारा एक पगारी सहायक ठेवा. अंदाजपत्रकातून नेमकी हीच ओळ आधी कापली जाते.

घरोघर सर्वेक्षण करणार असाल तर नैतिकता समितीचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. मंजुरीआधी गोळा केलेल्या मुलाखती शोधनिबंधात वापरता येत नाहीत. आणि कुठलं घर किती बुडतं ते घरानिशी छापू नका, घराची किंमत पडते. गल्ली किंवा गट पातळीवर द्या.

उतारमापी:
राहिलेलं एक: निधी संपल्यावर सेन्सरची बॅटरी कोण बदलणार, सिमचं बिल कोण भरणार? तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच यंत्रं नगरपालिकेच्या मालमत्ता नोंदवहीत चढवा आणि देखभाल नालेसफाईच्या कामाला जोडा. नोंदवहीत नसलेल्या वस्तूवर त्यांना खर्चच टाकता येत नाही.