लाँग आयलंड, 1776: जमैका खिंड मोकळी कशी राहिली?

प्रश्न
अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात 27 ऑगस्ट 1776 रोजी न्यूयॉर्क बंदराच्या ताब्यासाठी लाँग आयलंड बेटावर ब्रिटिश आणि अमेरिकन यांच्यात झालेल्या लढाईविषयी वाचताना एक गोष्ट खटकली. गोवानस, फ्लॅटबुश आणि बेडफर्ड या तिन्ही वाटांवर अमेरिकनांनी सैन्य ठेवले होते. मग सर्वांत पूर्वेच्या जमैका खिंडीत अवघे पाच घोडेस्वार का?

उत्तर
याचे खापर एकट्या अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टनवर फोडता येणार नाही. ज्याला त्या मुलखाची खडान्‌खडा माहिती होती, तो अमेरिकन सेनानी नथॅनिएल ग्रीन तापाने अंथरुणाला खिळला; त्याच्या जागी सलिव्हन आला आणि लगेच त्याच्याही वर पटनमला नेमण्यात आले. घोडदळ तर जवळजवळ नव्हतेच, तेव्हा लांबच्या वाटेवर नजर ठेवणार कोण? ब्रिटिश सेनानी क्लिंटनने नेमकी हीच उणीव हेरली. 26 च्या रात्री छावणीतल्या शेकोट्या पेटत्या ठेवून सुमारे दहा हजार ब्रिटिश सैनिक गुपचूप निघाले, ते पाचही स्वार अलगद हाती लागले आणि वाटेवरच्या एका पथिकगृहाच्या मालकाला वाटाड्या म्हणून धरून सैन्य खिंडीपलीकडे उतरले. सकाळी नऊच्या सुमारास इशाऱ्याच्या दोन तोफा झाल्या, तेव्हा सलिव्हनच्या पुढ्यात हेसियन (ब्रिटिशांचे भाडोत्री जर्मन सैनिक) आणि पाठीशी ब्रिटिश होते.

दुसरे उत्तर
वळसा साधला तो हुलकावणीमुळे, हेही लक्षात घ्यावे. पश्चिमेला ब्रिटिश सेनानी ग्रँटने अमेरिकन सेनानी स्टर्लिंगला गुंतवून ठेवले आणि मध्यभागी हेसियनांचा सेनानी हाइस्टर तोफा डागत राहिला, पण इशारा होईपर्यंत दोघांनीही निकराची चाल केली नाही. पुढे मेरीलँडच्या काहीशे अमेरिकन सैनिकांनी एका दगडी घरापाशी ब्रिटिश सेनानी कॉर्नवॉलिसवर पुन्हा पुन्हा हल्ले चढवले, म्हणून बाकीच्यांना गोवानसची दलदल ओलांडून ब्रुकलिनच्या तटबंदीच्या मोर्चांत शिरता आले. (1792 मध्ये श्रीरंगपट्टणास हरिपंत फडक्यांच्या बरोबरीने उभा असलेला कॉर्नवॉलिस तो हाच.)

प्रश्नकर्ता
मग ब्रिटिश सरसेनापती हाऊने त्याच दिवशी ते मोर्चे का घेतले नाहीत?

दुसरे उत्तर देणारा
आदल्या वर्षी बंकर हिलवर समोरून चढाई करताना त्याचे हजारावर सैनिक जायबंदी वा ठार झाले होते, त्यामुळे त्याने खंदक खणत पुढे सरकणे पसंत केले. माझ्या मते खरी चूक पाण्याच्या बाजूला राहिली: प्रतिकूल वाऱ्यामुळे ब्रिटिश जहाजांना लाँग आयलंड आणि मॅनहॅटन यांच्यामधल्या ईस्ट नदीत शिरता आले नाही, आणि 29 च्या रात्री वॉशिंग्टनने सुमारे नऊ हजार माणसे त्याच नदीवरून होड्यांतून मॅनहॅटनला नेली. उजाडल्यावर उरलेल्यांना धुक्याने झाकले.